उधळ्या पुत्राचा बाप पक्षपाती होता?

फोंड्याचा मास्तर
काल इथे कुणीतरी लिहिलं की बायबलातल्या लूकच्या १५व्या अध्यायातला बाप पक्षपाती. धाकटा आपला वाटा घेऊन उधळतो, कफल्लक होऊन परततो, बाप धावत जाऊन त्याला कवटाळतो नि मेजवानी घालतो; थोरला रुसून बाहेर राहतो, ती गोष्ट. राबणाऱ्या थोरल्याला कधी करडू नाही, उधळ्यासाठी मात्र पुष्ट वासरू! मला झोप लागली नाही. अहो, १२वं वचन वाचा. वाटा मागतो धाकटा, पण बाप मिळकत वाटून देतो ती 'त्यांना', दोघांना. यहुद्यांच्या मोशेच्या नियमात ज्येष्ठाला दुप्पट वाटा. म्हणजे घरात उरलं ते थोरल्याचंच. ३१व्या वचनात बाप तेच सांगतो. मग करडू घ्यायला त्याला अडवलं कुणी?

थोरला, म्हापसा
तुम्ही घरात थोरले नाही, एवढं कळलं. माझा भाऊ २० वर्षं जहाजावर. आईचं हगणंमुतणं मी काढलं. ती गेली आणि महिन्याच्या आत यानं इन्व्हेंटरीला, म्हणजे कोर्टातून इस्टेटीच्या वाटणीला, अर्ज घातला. निम्मा वाटा हवा! राबणाऱ्याचा हिशेब कोण करणार?

रायबंदर
आमच्या धर्मातलं मास्तरांनी शिकवू नये.

फोंड्याचा मास्तर
गोव्यातच रायतूरला १६१६ साली फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, येशूची कथा, मराठी ओवीतच छापलं. मराठीत वाचायला मी परवानगी काढू?

धाकटी लेक, मडगाव
इन्व्हेंटरी निघालीच आहे तर ऐका. गोव्यात लेकीचा वाटा मुलाएवढाच. अर्ध्याहून जास्त इस्टेट आईबापसुद्धा मर्जीनं कुणाला लिहून देऊ शकत नाहीत. तरी भावानं मला नोटरीकडे नेऊन हक्क सोडल्याच्या दस्तावर सही घेतली. का, तर 'तुला लग्नात सोनं दिलं.' दोन बांगड्या होत्या.

थोरला, म्हापसा
सही तुम्हीच केलीत ना?

धाकटी लेक, मडगाव
बाबा खाटेवर होते. घरात भांडण नको म्हणून केली. तुम्हाला तेही कळत नसेल तर काय बोलायचं!

फोंड्याचा मास्तर
वाटणीवरून पुन्हा वचनांकडे या. थोरला म्हणतो 'हा तुमचा मुलगा'. 'माझा भाऊ' तोंडातून निघत नाही. बाप उत्तर देतो 'हा तुझा भाऊ'. आणि हे सांगायला तो पंगत सोडून अंगणात आलाय. धाकट्यासाठी धावला, थोरल्यासाठीही बाहेर आला. पक्षपात कुठे आहे?

थोरला, म्हापसा
'तुझा भाऊ' माझ्या नजरेतून सुटलं होतं, तेवढं मान्य. पण थोरला शेवटी आत गेला का, ते लूकनं लिहिलेलं नाही. त्याला आत ओढू नका. माझी पुढची तारीख २३ला आहे.

धाकटी लेक, मडगाव
आणि त्या घरात बहीण होती का, तेही लिहिलेलं नाही.