ढगफुटी, लोंढा की नुसता पूर?

प्रश्न: डोंगरात नदीला पूर आला की बातमीत ‘ढगफुटी’ ठरलेलीच. २०२१ साली उत्तराखंडातल्या चमोलीच्या दुर्घटनेच्या वेळी तर ‘हिमनदी फुटली’ आणि ‘हिमकडा कोसळला’ असं दोन्ही वाचलं. कुठे काय म्हणावं?

प्रतिसाद: ढगफुटीला हवामान खात्याचं माप आहे. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटर परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला तर ती ढगफुटी. पंचाईत अशी, की हिमालयातल्या कितीतरी खोऱ्यांत पर्जन्यमापकच नाहीत. मग खाली आलेलं पाणी बघून वर ढगफुटी झाली असं ठरवून टाकतात. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तराखंडातल्या धराली गावात खीरगंगा नदीने बाजार गाडला तेव्हा ढगफुटीच सांगितली गेली, पण जवळपासच्या केंद्रांवर पाऊस किरकोळ नोंदलेला होता.

केदारनाथलाही (२०१३) लोक सर्रास ढगफुटी म्हणतात. तिथे आधी काही दिवस पाऊस लागून राहिला, त्यात बर्फ वितळत होता, आणि १७ जूनला सकाळी वरच्या चोराबारी तळ्याचा दगडमातीचा बांध फुटला.

चमोलीत ७ फेब्रुवारीला तर पावसाचा संबंधच नव्हता. रोंटी शिखराचा कडा निसटला, सुमारे २.७ कोटी घनमीटर. त्यात बर्फ कमी आणि खडकच जास्त. घसरताना घर्षणाने बर्फ वितळला आणि ऋषिगंगेत चिखलाचा लोट उतरला. ‘हिमनदी फुटली’ हे मला पटत नाही. हिमनदी वितळते, सरकते, तुटते. फुटतं ते तिच्या पुढ्यात साठलेलं तळं. सिक्कीममध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये ते खरंच झालं. दक्षिण ल्होनाक तळं फुटलं आणि तीस्तेने चुंगथांगचं धरण वाहून नेलं. तिथे ‘हिमतळं फुटलं’ म्हणा.

प्रतिसाद: या सगळ्याला ‘लोंढा’ का म्हणत नाही आपण? पूर चढतो, पात्र सोडतो, ओसरतो. माणसाला भांडीकुंडी माळ्यावर टाकायला वेळ मिळतो. लोंढा दगडधोंडे, झाडं घेऊन एकदम अंगावर येतो. सरकारी ‘आकस्मिक पूर’पेक्षा हा बरा.

मूळ प्रश्नकर्ता: आणि हवामान बदलाने ढगफुट्या वाढल्या म्हणतात, ते?

प्रतिसाद: मापकच नसतील तर वाढल्या की नाही हे मोजणार कसं? पण कारण समजण्यासारखं आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. ती डोंगराला थडकून वर चढली की पाऊस त्याच मानाने जोरकस. उंच डोंगरात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. शून्य अंशाची रेषा, म्हणजे जिच्या वर पावसाऐवजी हिम पडतं ती उंची, वर सरकते. पूर्वी जिथे हिम पडून उतारावरच थांबायचं तिथे आता पाऊस पडतो आणि लगेच नदीत उतरतो. ढग तेवढाच, पण पाणी देणारा डोंगर मोठा झाला. शिवाय साचलेल्या बर्फावर पाऊस पडला तर तोही वितळून त्यात भर घालतो.

प्रतिसाद: आमच्या महाडचं सांगतो. २३ जुलै २०२१ ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस. सरासरी काढा, तासाला पंचवीसच्या आत येते. त्या सरासरीवरून ही ढगफुटी म्हणता येत नाही. तरी महाडजवळच्या तळिये गावावर दरड आली आणि महाड बुडालं. सह्याद्रीत पाऊस तासाच्या हिशेबाने मारत नाही, थांबत नाही म्हणून मारतो. आणि महाडची सावित्री नदी भरतीच्या वेळी खाडीत उतरत नाही, पाणी मागे तुंबतं. त्याला ‘फुगवटा’ म्हणतात. बाजारपेठेत शिरलेल्या पाण्याला लोंढा म्हणू नका. लोंढा वर घाटात, पऱ्याला.

प्रतिसाद: पऱ्या म्हणजे ओढाच ना?

प्रतिसाद: हो, डोंगरातून उतरणारा, बहुधा पावसाळ्यापुरता. उन्हाळ्यात त्यातून चालत जाता येतं, म्हणून काठाला घरं बांधतात.