गाण्या-वाजवण्याच्या कमाईतून कुणाच्या पोरांचं भलं झालेलं पाहिलंय?

सांगलीची माहेरवाशीण
काल गायिका पलक मुच्छलची मुलाखत लागली होती. इंदूरची ही पोरगी लहानपणापासून कार्यक्रम करून गरीब मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनला पैसे उभे करते. आकडा ३००० च्या वर गेलाय. ऐकताना आमच्या गल्लीतले बेंजो पार्टीचे मामा आठवले. लग्नसराई संपली की जूनमध्ये वह्यांचे गठ्ठे घेऊन दारोदार. सुपारीतून वाजवणाऱ्या पोरांचे पैसे आधी वाटायचे, वह्या स्वतःच्या वाट्यातून. मागच्या पुठ्ठ्यावर पार्टीचा शिक्का आणि फोन नंबर! शाळेत बाई विचारायच्या, लग्न कुणाचं गं? तुमच्याकडचं सांगा.

तंबोरा_मिरज
शिक्का 😂😂
विष्णु दिगंबर पलुस्कर घ्या. जन्म कुरुंदवाडचा, शिकले मिरजेत बाळकृष्णबुवांकडे. १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय, म्हणजे गाण्याची शाळा काढली, मैफलींच्या पैशावर. गरीब पोरांची राहण्या-जेवणाची सोय सुद्धा. पुढे विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी गेली.

वाईकर
बुवा लाहोरला गेले, आम्ही साताऱ्याला जायचं म्हटलं तरी कुरकुरतो.

उसातला माणूस
बेंजो नका काढू. आमची म्हैस दोन दिवस धार देईना.

निवृत्त_मास्तर
१ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्क. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकरांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि कार्यक्रम झाला. तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले. सतार नुसती लावत होते तरी टाळ्या पडल्या! रेकॉर्डचे पैसे मात्र करापायी वर्षानुवर्षं अडकले. म्हणून मला वह्यावाले मामा जास्त पटतात, हातातलं हातात.

कराडची आत्या
भाच्याच्या हृदयाला छिद्र होतं. आमच्या यात्रेत ऑर्केस्ट्रा होता, कुणीतरी गायकाच्या कानावर घातलं. त्यानं मधेच गाणं थांबवलं, मानधनाचं पाकीट न उघडता टॉवेलात टाकलं आणि टॉवेल पुढच्या रांगेत दिला. पुढाऱ्यांना मग खिशात हात घालावाच लागला. माझ्या वहिनीनं तो टॉवेल धुऊन परत द्यायला ठेवला होता, पण तो गायक परत कधी आलाच नाही. उरलेलं सरकारी योजनेतून झालं. पोरगं आता विट्यात जिम लावतंय, ऐकत नाही कुणाचं. कुकर झाला, येते.

वाईकर
आत्या 🙏

उसातला माणूस
सगळे तसे नसतात. आमच्या तालुक्यात एकानं अनाथ मुलांसाठी म्हणून संगीत रजनी केली, पावत्या फाडल्या. हिशोब अजून येतोय.

तंबोरा_मिरज
त्याला म्हणावं गायलास तरी बरा का?

उसातला माणूस
तेही नाही.

वाईकर
विषय निघालाय तर, पेटी दुरुस्त करणारं कुणी आहे का? एक पट्टी दाबली की दोन सूर निघतात.

तंबोरा_मिरज
मिरजेला आणा. एसटीत मांडीवर धरा, डिकीत टाकू नका.

वाईकर
खिडकीची जागा मिळाली तर.