अंगणवाडीचा पट जुळत नाही (सोलापूर, पूर्व भाग)

प्रश्न: सर्वेक्षण रजिस्टरात ३ ते ६ वर्षांची मुलं जास्त, पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या नोंदींचं सरकारी अ‍ॅप) कमी. फरक कुठून येतो? शिवाय घरची भाषा कशी नोंदवावी?

उत्तर १: आधी तीन आकडे वेगळे काढा: वस्तीतली मुलं, नोंदलेली मुलं, हजर मुलं. गोंधळ बहुतेकदा जन्मतारखेचा असतो. दाखला न पाहता अंदाजे '१ जून' लिहिली की वयोगट चुकतो. ३ वर्षं पूर्ण झाली की घरपोच आहार थांबून गरम ताजा आहार सुरू होतो, म्हणजे चूक थेट मुलाच्या ताटात दिसते. मुलाचं आधार नाही म्हणून नोंद अडवू नका. आईच्या आधारवर होते.

उत्तर २: विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांत भाड्याची खोली बदलली की मूल दोन अंगणवाड्यांत दिसतं, नाहीतर एकीतही नाही. अशा वेळी जुनी नोंद असेल तर नवी करूच नका, तीच स्थलांतरित करून घ्या. आईचा मोबाईल नंबर बदललाय का, तेही विचारा.

उत्तर ३: भाषा आडनावावरून कधीच ठरवू नका. "मूल आजीशी कोणत्या भाषेत बोलतं?" एवढंच विचारा. उत्तर तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी यांपैकी काहीही असू शकतं. एकापेक्षा जास्त असतील तर दोन रकाने ठेवा. ही नोंद महत्त्वाची आहे, कारण पहिल्या महिन्यात गप्प बसणारं मूल अनेकदा मागे पडलेलं नसतं, त्याला फक्त मराठी कळत नसते. गाणी-गोष्टींची भाषा त्यावरूनच ठरवा.