दर आठवड्याला नवं हॉटेल: नावांची यादी नको, वेळेची करा

ए-४०१: नमस्कार सोसायटीकर. आम्ही दोघांनी ठरवलंय, आठवड्यातून एकदा बाहेर जेवायचं आणि दर वेळी नवीन ठिकाणी. बेळगावात राहून त्याच दोन-तीन हॉटेलांत फिरून फिरून जाणं होतंय. हिचं व्हेज, माझं दोन्ही. बजेट मध्यम. कुठं कुठं जावं, यादी द्या की ओ कुणीतरी.

सी-२०१ काका: नावांची यादी लगेच शिळी होते. आचारी बदलला की पाटी तीच राहते, चव मात्र त्याच्याबरोबर जाते. त्यापेक्षा प्रकारांची यादी करा: भाकरीची खानावळ, लोणी डोसा, सावजीचं झणझणीत नॉनव्हेज, मासे, संध्याकाळची भजी, निपाणीकडचा रस्सा. आणि प्रत्येकासमोर वेळ लिहा. वेळ साधली तर गल्लीतलं साधं हॉटेलही जमून जातं. चुकली तर नावाजलेल्या ठिकाणीही उरलंसुरलंच ताटात येतं.

बी-३०३: काका, एवढं काय वेळेचं? हॉटेल उघडं असलं की जेवण मिळतंच.

ए-१०४ वहिनी: मिळतं, पण कसलं मिळतं ते बघा. ज्वारीच्या भाकरीचंच घ्या. खानावळीत दुपारी साडेबारा ते दीडमध्ये बसलात तर भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. अडीच वाजता गेलात तर डब्यातली येते. ती डब्यात वाफ धरते, कडा चिवट होतात, मधे ओलसर लागते. बसल्या बसल्या "बिसी रोट्टी" (कन्नडमध्ये गरम भाकरी) सांगा आणि एका वेळी एकच मागवा. दोन एकदम घेतल्या तर दुसरी हाताशी येईपर्यंत गार झालेली असते. गरम नाहीच म्हणाले तर सरळ खडक भाकरी घ्या. ती मुळात वाळवलेलीच असते, तिला दुपार काय आणि रात्र काय. आमटीत चुरायची, वर दही आणि शेंगा चटणी.

ए-१०४ वहिनी: एण्णेगाई, म्हणजे भरलं वांगं, आलं की आधी देठाजवळ चमचा दाबून बघा. घाईत केलेलं असलं तर पोट मऊ आणि देठ कच्चा राहतो. त्यातला मसाला शेंगदाणे, तीळ, कारळं, सुकं खोबरं, चिंच आणि गुळाचा. कडवट लागला तर बहुतेक वेळा कारळं भाजताना करपलेलं असतं, वांग्याचा दोष नसतो. वर तेलाचा तवंग हवाच, त्याला नावं ठेवू नका. पण तेल एका बाजूला आणि मसाला रवाळ होऊन दुसऱ्या बाजूला बसला असेल तर समजा भाजी दोनदा-तीनदा तापवलेली आहे.
ताटात कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा देतात, ते खाण्यातच खरी मजा. पावसाळ्यात मात्र पालेभाजी कच्ची खाऊ नका, तिची माती एका पाण्यात जात नाही.

ए-४०१: वहिनी, हे सेव्ह करून ठेवतोय. सकाळच्या नाश्त्याचं कुणी सांगेल का?

बी-३०३: ते मी सांगतो. लोणी डोसा खायचा तर सकाळी ८ ते १०. दुकान उघडल्या उघडल्या जाऊ नका, पहिले दोन-चार डोसे तवा लागायला जातात. आणि संध्याकाळी तेच पीठ आंबट झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीत पीठ नीट फुगत नाही. मग डोसा पांढराफटक पडतो, जाळी धरत नाही. त्या दिवसांत तासभर उशिरा गेलेलं बरं.
लोण्याची परीक्षा तोंडातच होते. खरं लोणी विरघळून जातं. टाळूला मेणासारखा थर बसला आणि गरम चहा प्यायल्याशिवाय निघेना, तर ते वनस्पती तूप किंवा त्याच जातीचं काहीतरी. सोबतची बटाट्याची पल्या (भाजी) पांढरी, हळद न घातलेली असते. पिवळी आली तर ती मसाला डोशाची भाजी तुमच्या ताटात ढकललीय.

डी-५०२ ताई: इडलीबद्दल एक. साच्यावर कापड आहे का प्लॅस्टिक, ते बघा. कर्नाटक सरकारनं २०२५ च्या फेब्रुवारीत इडली वाफवायला प्लॅस्टिक वापरण्यावर बंदी घातली. भटारखाना दिसत नसेल तर इडली उलटी करा. कापडावरच्या इडलीच्या बुडाला विणीची नक्षी उमटलेली असते. प्लॅस्टिकवरची गुळगुळीत आणि चकचकीत निघते.

बी-३०३: हे भारी आहे ताई. आता लोक हॉटेलात इडल्या उलट्या करत बसणार 😄

ए-४०१: मासे कधी खावेत? गोवा जवळ आहे म्हणून बारा महिने ताजे मिळत असतील ना?

बी-१०२ दादा: नाही. इथंच सगळे फसतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, गोव्यातही आणि कर्नाटकातही. त्या दोन महिन्यांत ताटात येणारा सुरमई, पापलेट बहुतेक बर्फातला तरी किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेला तरी. आषाढात आणि अर्ध्या श्रावणात मासळीची पाळी लावूच नका. नारळी पौर्णिमेनंतर सुरुवात करा.
नवीन ठिकाणी पहिल्या वेळी सुरमईची तुकडी मागवू नका, अख्खा बांगडा मागवा. तुकडीला मसाला फासला की जुनं-नवं कळत नाही. अख्खा मासा लपवता येत नाही. काट्यापासून मांस सलग सुटलं तर ताजा. भुगा होऊन पडलं तर गोठवून वितळवलेला.
आणि हे लक्षात ठेवा: बांगडा खाताना मिरची नसतानाही जिभेला चुणचुण लागली, चेहरा लाल व्हायला लागला, तर तिथंच हात थांबवा. नीट थंड न ठेवलेल्या बांगड्यात हिस्टामिन तयार होतं आणि तळल्यानं ते जात नाही. श्वासाला त्रास झाला तर घरी नाही, थेट दवाखान्यात.

ए-१०४ वहिनी: शनिवार का रविवार, ते ठरलंय का? त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

ए-४०१: शनिवार रात्र म्हणत होतो.

ए-१०४ वहिनी: मग शनिवारी व्हेजच ठेवा. शनिवारी मारुतीचा वार म्हणून पुष्कळ घरांत मांसाहार नसतो, त्यामुळं नॉनव्हेज हॉटेलात उठाव कमी आणि माल पडून राहतो. नॉनव्हेज रविवारी दुपारी. सोमवारी मटण मागवूच नका, रविवारचं उरलेलं पुढं येण्याची शक्यता जास्त.

सी-२०१ काका: माझं म्हणणं थोडं वेगळं. रविवारी माल ताजा, पण गर्दीत आचारी घाईला येतो. मटण शिजायला हवा तेवढा वेळ देत नाहीत, मग सोडा टाकून मऊ करतात. दात लागला की सुटतं, पण साबणासारखं गुळगुळीत लागतं. रविवारी जायचंच तर बाराला टेबल धरा, दीडला नको.

ए-१०४ वहिनी: बरं बाबा, बारा तर बारा 🙏

सी-२०१ काका: सावजीचं सांगायचं राहिलं. तिखट झेपत नसेल तर "कमी तिखट करा" सांगून उपयोग नाही, रस्सा सकाळीच झालेला असतो. ते फार तर पाणी घालून देतात आणि चव जाते. त्यापेक्षा सुकं मागवा, रस्सा वाटीभरच घ्या आणि दही वेगळं सांगा. तिखट लागल्यावर पाणी पिऊ नका. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, पाणी तो तोंडभर पसरवतं. दह्यातल्या स्निग्धानं आणि प्रथिनानं तो उतरतो. लालभडक रंग बघून घाबरायचं कारण नाही, ब्याडगी मिरची रंगालाच असते, तिखटाला बेताची. खरी जाळते ती संकेश्वरी.
रंगाचं निघालंच म्हणून: कर्नाटकात २०२४ मध्ये मार्चला गोबी मंच्युरियनमध्ये आणि जूनला कबाबमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी झाली. तरी कुठं गोबीचा लाल डाग बशीला पडला आणि बोटावरचा धुऊन जाईना, तर ती बशी तशीच सोडा.

डी-५०२ ताई: दोघांच्या ऑर्डरची रीत सांगते, पैसे इथंच वाया जातात. नवीन ठिकाणी सुरुवातीला दोनच पदार्थ. एक त्या हॉटेलात सगळ्यात जास्त टेबलांवर दिसतो तो, दुसरा तुमच्या आवडीचा. मेनू आठ पानी असला आणि त्यात चायनीज, पंजाबी, मासे सगळंच असलं तर फिरतो तोच माल ताजा असतो, बाकी फ्रीजमध्ये. सूप, कॉफी "बाय टू" सांगा, म्हणजे एकच दोघांत वाटून देतात. लिमिटेड थाळी दोघांत चालते, अनलिमिटेड चालत नाही, उगाच वाद होतो. बिर्याणी हाफ घ्या, कमी पडली तर परत मागवता येते. उरलेला भात पार्सल घेतला तर घरी गेल्या गेल्या फ्रीजमध्ये टाका, दोन तासांच्या वर बाहेर नको. एकदा बिघडलेला भात पुन्हा गरम केल्यानं सुधारत नाही.
बसण्याआधी विचारा, हॉलचा दर का एसीचा. बऱ्याच ठिकाणी दोन मेनूकार्डं असतात. आत बसल्यावर महागडं कार्ड पुढं येतं.

ए-४०१: बिलात काय बघायचं? दर वेळी काहीतरी वेगळंच लावलेलं असतं.

डी-५०२ ताई: साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. म्हणजे ५०० च्या जेवणाला सीजीएसटी १२.५० आणि एसजीएसटी १२.५०, एकूण ५२५. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० च्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. बऱ्याच छोट्या हॉटेलांनी कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची योजना) घेतलेलं असतं, त्यांना गिऱ्हाइकाकडून कर वेगळा लावताच येत नाही. बिलावर "कंपोझिशन" लिहिलंय आणि खाली जीएसटीपण लावलाय, असं दिसलं तर तिथंच काढायला लावा.
सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते मान्य केलं. नको असेल तर काढा म्हणायचं. ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्न सुरक्षा परवान्याचा) नंबरही असायला हवा.
आणि पाण्याची बाटली न विचारता फोडतात, त्याआधीच साधं पाणी सांगा. गरम हवं असेल तर "बिसी नीरु", लगेच आणून देतात.

सेक्रेटरी: महिन्यातून एकदा गावाबाहेर जायचं तर दोन दिशा. गोकाकला धबधबा बघायचा असेल तर जुलै ते ऑक्टोबर, उन्हाळ्यात तिथं नुसता खडक असतो. येताना करदंट घ्या. तो डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याचा, गाडीत तासन् तास राहिला तरी काही होत नाही. बेळगावचा कुंदा मात्र खव्याचा, उन्हात गाडीत ठेवू नका. फिरायला निघताना नाही, परत आल्यावर घ्या.
दुसरी दिशा निपाणी, कोल्हापूरच्या वळणाचा तांबडा-पांढरा. वाटेत हत्तरगीचा टोल, फास्टॅगमध्ये पैसे बघून निघा. पांढरा रस्सा वाफाळता हवा, पण उकळलेला नको. नारळाचं दूध पडल्यावर उकळी आली की तो फाटतो, वर पाणी आणि खाली चोथा दिसतो. असा आला तर परत पाठवा, बदलून देतात.
गावात कुठल्या आठवड्यात जाऊ नये तेही लिहून ठेवा. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा मोठी हॉटेलं भरलेली. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणपती विसर्जन आणि १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सव), या दिवशी गावात गाडी घालू नका. गणपत गल्ली, खडेबाजार भागात एरवीही दुचाकीच बरी. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट.

ए-४०१: आभारी आहे सगळ्यांचा. मग येत्या शनिवारी रात्रीच्या ऐवजी संध्याकाळी गिरमिट (कालवलेले चुरमुरे) आणि मिरची भजी, असं ठरवतोय. हलकी सुरुवात.

बी-१०२ दादा: पाच-साडेपाचला जा. आठनंतर कढईतलं तेल काळं पडतं आणि भजी आतून तेलकट होते. लांब, फिकट हिरवी मिरची असेल तिथंच घ्या. चिरून बी आणि आतली शीर काढलीय का बघा, जाळ तिथंच असतो.

ए-१०४ वहिनी: गिरमिट तुमच्यासमोर कालवून घ्या. चिंच-गुळाचं गोज्जू पडलं की चुरमुरे पाच मिनिटांत मऊ होतात, पार्सल अजिबात नको. वरून पुठाण्याची (डाळ्याची) पूड जास्त मागा, ती ओल शोषून घेते. एक गिरमिट आणि दोन भजी दोघांना पुरे, मग लागलं तर बघा.

सेक्रेटरी: सुट्टे पैसे न्या. काही गाडेवाले यूपीआय घेत नाहीत.