आधीपासून अँटिबॉडी असूनही बाळाला सीएमव्ही कसा झाला?

कानोसा
माझी मुलगी दीड वर्षाची आहे. जन्मानंतर नवव्या दिवशी लघवीची सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूची) पीसीआर तपासणी पॉझिटिव्ह आली. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. माझी आयजीजी (जुन्या लागणीची अँटिबॉडी) मात्र गरोदर राहण्याआधीच पॉझिटिव्ह होती. ‘तुम्हाला होऊन गेलाय, आता काळजी नको,’ असं सांगितलं होतं. मग हे झालं कसं? गोवरासारखी यावर लस का नाही? धीर नको, नीट समजावून सांगा.

फ्लास्कवाली
ताई, अकरा वर्षं लॅबमध्ये हाच विषाणू वाढवतेय. ‘होऊन गेला’ हे म्हणणंच चुकीचं. हा हर्पिसच्या कुळातला. एकदा आला की दबा धरून राहतो. तो पुन्हा जागा होतो, नाहीतर दुसरा स्ट्रेन (त्याच विषाणूचा वेगळा प्रकार) नव्याने लागतो. गरोदरपणी पहिल्यांदाच लागण झाली तर बाळापर्यंत पोचण्याची शक्यता ३० ते ४० टक्के, जुनी असेल तर १ टक्क्याच्या आसपास. कमी आहे, शून्य नाही. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही.

या विषाणूचा जीनोम (सगळा डीएनए) सुमारे २,३५,००० अक्षरांचा. पृष्ठभागावरच्या काही प्रथिनांचे जीन्स स्ट्रेनगणिक बरेच वेगळे असतात, आणि एकाच शरीरात दोन स्ट्रेन भेटले तर तुकड्यांची अदलाबदलही करतात.

लस बनवण्यातली अडचण मी फ्लास्कमध्ये रोज बघते. बाळाच्या लघवीतून आलेला विषाणू आधी शेजारच्या पेशीतच सरकतो, फुगलेल्या पेशींचे छोटे पुंजके दिसतात. काही पॅसेज (एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेऊन वाढवणं) झाले की तो द्रवात सुटतो आणि भराभर पसरतो. सिक्वेन्स केला की कळतं, आरएल१३ हा जीन बिघडलाय, मागोमाग यूएल१२८च्या भागातला एखादा जीनही. त्या भागातूनच पेंटामर (पाच प्रथिनांचा गट) बनतो, एपिथेलियल म्हणजे अस्तराच्या पेशींत शिरायची किल्ली. १९७०च्या दशकातली टाऊन लस अशीच सव्वाशे पॅसेज वाढवलेली. तिच्यात पेंटामर उरलाच नव्हता.

कानोसा
मग पेंटामर घालून बनवली तर?

फ्लास्कवाली
बनवली. मॉडर्नाच्या एमआरएनए-१६४७ या लसीमध्ये पेंटामर आणि जीबी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं आणखी एक प्रथिन) दोन्ही होते. ऑक्टोबर २०२५मध्ये निकाल आला: परिणामकारकता ६ ते २३ टक्के. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. त्याआधी २००९मध्ये नुसत्या जीबीच्या लसीने ५० टक्के दिले होते. म्हणजे पेंटामरविरुद्धच्या अँटिबॉडी पुरल्या नाहीत. माझ्या मते आता टी-पेशींकडे (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) आणि स्ट्रेनमधल्या फरकांकडे जास्त बघायला हवं.

श्रवणतपासणी
मी ऑडिओलॉजिस्ट आहे. सीएमव्हीत चांगल्या कानाचं ऐकणंही पुढे कमी होऊ शकतं. उजव्या कानाची शेवटची तपासणी कधी झाली?

कानोसा
सात महिने झाले. उद्याच वेळ घेते.