मदत हवी आहे: स्वालबार्डला व्हिसा लागत नाही म्हणतात, मग परत कसं यायचं?

नमस्कार मंडळी. मी ५८, ताई ६३. दोघींनी मिळून मार्चमध्ये नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डला, लाँगइयरब्येन गावात, सहा दिवस जायचं ठरवलंय. मुलं म्हणाली, बाली-बिलीला जा की. पण ताईनं कुठंतरी वाचलं की त्या गावात ऑक्टोबरअखेरपासून सूर्य उगवतच नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो क्षितिजावर येतो, पण आडव्या डोंगरांमुळे गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सगळं गाव जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी जमून उन्हाची वाट बघतं. तिला त्या पायऱ्यांवर उभं राहायचंय. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणते.

तर गाडं इथं अडलंय. एजंट पहिल्या दिवसापासून सांगत होता, "स्वालबार्डला व्हिसा लागत नाही मॅडम, ओस्लोपुरता काढू." काढला. काल रात्री पासपोर्ट चष्मा लावून नीट बघितला तर स्टिकरवर एन्ट्रीजच्या रकान्यात ०१ छापलंय. आम्ही मुंबईहून ओस्लो, तिथं एक रात्र, मग विमानानं लाँगइयरब्येन आणि आलो तसंच परत. एजंटला फोन केला तर म्हणतो, सगळं नॉर्वेच आहे, काळजी करू नका. मला काही ते पटेना. हातात पाच आठवडे आहेत.

बाकीचे प्रश्न लगेहाथ विचारते:
ताईचा उजवा गुडघा दुखरा आहे. स्नोमोबाइल (बर्फावरची स्कूटर) जमेल का?
आम्ही दोघी शाकाहारी. खायचं काय न्यावं?
आणि आपलं हिमाद्री, भारताचं संशोधन केंद्र, तिकडेच आहे ना, ते बघता येईल का?

प्रतिसाद १

ताई, तुमची शंका बरोबर आहे, एजंट चूक. स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, पण शेंगेनच्या, म्हणजे एकच व्हिसा चालतो त्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर. १९२० च्या करारामुळे तिथं कुणालाही व्हिसा लागत नाही हे खरं. (करारावर तेव्हाच्या हिंदुस्थानच्याही नावानं सही आहे बरं का.) पण तिथं जायचा रस्ता ओस्लो किंवा ट्रोम्सो (उत्तर नॉर्वेतलं शहर) वरून. ओस्लोला उतरलात की तुमची एक एन्ट्री वापरली गेली. लाँगइयरब्येनच्या विमानात बसण्याआधी पासपोर्ट तपासतात, तिथं तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता. परत ओस्लोला उतरलात की ती दुसरी एन्ट्री. तुमच्याकडे ती नाही.

म्हणून आजच दूतावासाला ईमेल करा. नवा अर्ज करताना 'दोन एन्ट्री' वर खूण करा, सोबतच्या पत्रात ओस्लो – लाँगइयरब्येन – ओस्लो असं तारखांसकट लिहा, जातायेतानाची तिकिटं आणि तिथल्या हॉटेलचं बुकिंग जोडा. आधीच्या व्हिसाचं काय करायचं ते त्यांनाच विचारा, मनानं काही ठरवू नका. साधारण पंधरा दिवस धरतात, म्हणजे वेळ आहे, पण आज-उद्या करू नका. मी स्वतः हे निस्तरलंय. माझ्या वेळी अर्ज मीच भरला होता, त्यामुळे शिव्या घालायला एजंटही नव्हता.

प्रतिसाद २

व्हिसाचं वर आलंच आहे, मी बाकीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्येच गेले होते.

स्नोमोबाइल नको. दोन-तीन तास मांडी ताणून बसावं लागतं आणि धक्के कंबरेत बसतात. त्याऐवजी रणगाड्यासारखे पट्टे असलेली बंद गाडी असते, तिची सहल घ्या. थंडी उणे १५ च्या आसपास धरा. वारा सुटला की आकडा विसरा. बाहेरच्या सहलींना वरचा जाड सूट आणि बूट तेच देतात. तुम्ही आतले लोकरी कपडे आणि चांगले मोजे न्या. मोजे का, तर हॉटेलात, म्युझियममध्ये दारातच बूट काढायचे असतात. कोळशाच्या खाणींच्या काळातली सवय, काळी धूळ आत येऊ नये म्हणून. आपल्याला काय, जन्माची सवय! पण माझ्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि समोर तीस लोक.

गावाच्या हद्दीवर अस्वलाच्या चित्राची पाटी आहे. तिच्यापुढे गाइडशिवाय पाऊल टाकायचं नाही, त्याच्या खांद्याला बंदूक असते. दुरून अस्वल दिसलं तरी जवळ जाता येत नाही. २०२५ पासून ३०० मीटरचं बंधन आहे, मार्च ते जूनअखेर तर ५०० मीटर. इन्शुरन्स घेताना शोध आणि बचावाचा खर्च त्यात आहे का बघा. गावात छोटं इस्पितळ आहे, पण जरा गंभीर काही झालं की थेट ट्रोम्सोला नेतात.

हिमाद्री मार्चमध्ये विसरा. ते न्यू-ऑलेसुंडला आहे, १०० किलोमीटरहून दूर, आणि गावागावांना जोडणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात काही बोटी तिथं थांबतात, तेव्हा बाहेरून इमारत दिसते. तिथं वायफाय, ब्लूटूथसुद्धा बंद ठेवावं लागतं, यंत्रांना त्रास होतो म्हणून.

खाण्याचं सोपं आहे. गावात मोठं दुकान आहे, ब्रेड, फळं, भाज्या मिळतात, फक्त किमतीला रुपयांनी गुणू नका. थेपले, चटण्या न्या. दुधाचं काहीही नेऊ नका, बाहेरून आणायला बंदी आहे.

धागालेखिका

दोघांचे मनापासून आभार. सकाळीच ईमेल टाकला, दुपारी उत्तर आलं: नवा अर्ज करा, दोन एन्ट्रीचा. एजंटला कळवलं तर म्हणाला, "मी तेच म्हणत होतो." ताईला हे सांगितलं नाही, तिचा बीपी आहे.

श्रीखंडाच्या वड्या पिशवीतून काढल्या. आता फक्त एकच: मेतकूट बरोबर न्यावं का? पिवळी पूड प्लास्टिकच्या पिशवीत, वर काही लेबल नाही. ओस्लोच्या कस्टमवाल्यासमोर मेतकूट कुणी उलगडून सांगितलंय का आजवर?