स्पेसिंग आणि बँडविड्थ वेगळी
वॉकी-टॉकीसारख्या रेडिओ सेटबद्दल एकाने विचारलंय की चॅनल स्पेसिंग १२.५ किलोहर्ट्झ म्हणजे सिग्नलही तेवढाच रुंद का, तर नाही, स्पेसिंग म्हणजे शेजारच्या दोन चॅनलच्या सेंटर फ्रिक्वेन्सीमधलं अंतर आणि सिग्नल प्रत्यक्षात जेवढी जागा खातो ती बँडविड्थ. नॅरो एफएमला (सेटमधलं अरुंद चॅनलचं सेटिंग) डेव्हिएशन, म्हणजे बोलताना फ्रिक्वेन्सी सेंटरपासून एका बाजूला जास्तीत जास्त जेवढी हलते ते, २.५ आणि आवाज ३ किलोहर्ट्झपर्यंत, बेरीज करून दुप्पट केली की साधारण ११, वाइडला (रुंद चॅनलचं सेटिंग) डेव्हिएशन ५ म्हणून १६, ते २५ किलोहर्ट्झ स्पेसिंगच्या चॅनलमध्ये बसतं. उरलेली जागा वाया जात नाही बरं का, फ्रिक्वेन्सी जरा सरकली तर शेजारच्याला त्रास नको म्हणून ती लागतेच. आणि सगळ्या सेटवर सेटिंग एकच ठेवा प्लीज, वाइडवरून बोललेलं नॅरो सेटवर फाटल्यासारखं येतं, उलट असेल तर आवाज बारीक येतो आणि लोक उगाच अँटेना बदलत बसतात.